संक्रांत झाली की मुंबईला या

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मुंबईत येऊन करायचं काय? तुम्ही दोघं कामाला जाणार, आम्ही भिंतीकडे बघत बसणार. आणि बाहेर पाऊल टाकलं की पैसा." ते मनाला लागून राहिलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

घर दोन खोल्यांचं आहे हे खरं, पण या शहराला अंगण मोठं आहे आणि तिथे कुणी तिकीट मागत नाही. आमच्या घरापासून शिवाजी पार्क चालत जाण्याइतकं जवळ. मैदानाला कट्ट्याचा वेढा आहे, पूर्ण फेरी एक किलोमीटरच्या वर भरते. गुडघे बोलायला लागले की जिथे असाल तिथे टेकायचं. तुमच्या वयाची कितीतरी मंडळी संध्याकाळी तिथे असतात. कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाचा मोतीबिंदू नुकताच झालेला. तुम्हाला ओळखी करून द्याव्या लागणार नाहीत, त्या आपोआप होतील. समोर क्रिकेटची नेट्स लागलेली असतात. आचरेकर सरांनी सचिनला याच मैदानावर घडवलं. शाळकरी मुलं खांद्यावर किट टाकून धावत येतात, आणि एखाद्याने सरळ बॅटने ड्राइव्ह मारला की कट्ट्यावरचे आजोबा "वा!" म्हणतात. त्यांत तुमचा आवाज असावा असं मला फार वाटतं.

तिथेच समर्थ व्यायाम मंदिर आहे, 1925 सालचं. बाबा, तुम्ही तालमीत मल्लखांब केलेला, तुम्हाला वेगळं काय सांगू? पण दोरीवरच्या मुली बघाच. आठ-नऊ वर्षांची पोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोर पकडते, सरसर वर जाते, आणि दोर अंगाभोवती घेऊन उलटी होऊन स्थिर राहते. खाली उभी असलेली तिची आई श्वास रोखते, पोर मात्र हसत असते. मी ऑफिसातून दमून आलेली असले तरी तिथे पाय थबकतातच.

म्हणूनच संक्रांत झाली की या. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, सावरकर मार्गावरून धावणारे जातात. लोक घराबाहेर उभे राहून त्यांना संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की देतात. आई, तू तुझे तिळाचे लाडू आण. अनोळखी माणूस धावता धावता लाडू घेऊन "थँक यू मावशी" म्हणतो ना, ते सुख तुलाच कळेल.

मग फेब्रुवारीत राणीच्या बागेत महापालिकेचं फळा-फुलांचं प्रदर्शन भरतं, प्रवेश फुकट. कुंडीत लगडलेली वांगी, बोन्साय, फुलांनी रचलेली मोठमोठी चित्रं. परसातल्या मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, ते तिथे कुणा जाणत्याला विचारून घे. साधारण याच दिवसांत दक्षिण मुंबईत काळा घोडा भागात कला महोत्सव असतो, 1999 पासून चालू आहे. रस्त्यावर चित्रं, संध्याकाळी उघड्यावर नाच-गाणं. शनिवार-रविवारी तिथे मुंगीला वाट नसते, म्हणून आपण मधल्या वारी जाऊ, मी रजा काढेन. परतताना ओव्हल मैदानाशी थांबू. एका बाजूला राजाबाई टॉवर, मध्ये एकाच वेळी चाललेले चार-पाच सामने. त्यापुढे मरीन ड्राइव्ह आहेच, सूर्य बुडेपर्यंत बसा, कुणी उठवत नाही.

आई, तुझी पहिली शंका मला ठाऊक आहे. बाहेर बाथरूमची सोय सगळीकडे धड नाही, बायकांचे तर हालच होतात. या शहराची मला सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच. पण कुठे कुठे जाता येतं ते मी बघून ठेवलंय, त्याच हिशोबाने फिरू. दुपारच्या उन्हातही बाहेर पडायचं नाही.

खर्चाचं म्हणाल, तर बाबा, तुम्हाला पंचाहत्तर पूर्ण झाली, त्यामुळे एसटी फुकट. आईला महिलांचं अर्धं तिकीट. इथे बेस्टच्या बसचे पैसे आणि एखादा कटिंग चहा, तेवढं तरी मला करू द्या. मला लहानपणी कृष्णाकाठी, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर रोज फिरायला नेत होता, त्याचा हिशोब तुम्ही कधी मांडला नाही.

रात्रीच्या गाडीने येऊ नका, सकाळच्या गाडीने निघा. मी दादरला उतरवून घेते. आधार कार्ड पाकिटात घाला, सवलतीसाठी कंडक्टर वयाचा पुरावा मागतो. बाबांची कानटोपी आणि आईच्या बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या घ्या. तारीख ठरली की लगेच कळवा, म्हणजे मला रजेचा अर्ज टाकता येईल.

तुमची,
मनू