'पेटी' थांबवताना

शहापूर, बेळगाव
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गुरुवारी मिळाले. 'पेटी' हे माझे वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, मी खरोखरच बंद करणार आहे का, आणि खानापूरच्या नव्या घरासाठी हजार-बाराशे रुपयांत कोणती हत्यारे घ्यावीत, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारले आहेस. माझ्यासाठी ते एकमेकांत गुंतलेलेच आहेत.

होय, बंद करणार आहे. आणखी तीन भाग काढीन आणि थांबेन. हे वेबकॉमिक सुरू केले तेव्हा बाबांची सुतारकामाची पेटी माझ्यासमोर उघडी होती, आणि त्यातले एकेक हत्यार हातात घ्यायचे, त्याने काहीतरी काम करायचे आणि मगच कागदावर उतरवायचे, एवढेच मी ठरवले होते. रंधा, पटाशी, वाकस, गिरमिट ही सगळी तशीच काढली. शेजारचे कानडी मिस्त्री करवतीला गरगस आणि हातोडीला सुत्तिगे म्हणतात, हे त्यांच्या हाताखाली काम करताना कानावर पडले आणि तसेच संवादांच्या फुग्यांत आले. सहा वर्षांत पेटीतले जवळजवळ सगळे काढून झाले. वाचक मात्र आणखी मागत राहिले, आणि मी छायाचित्रे पाहून हत्यारे काढू लागलो.

मागच्या पावसाळ्यातला हॅकसॉचा, म्हणजे धातू कापायच्या करवतीचा, भाग तुला आठवत असेल. त्यात पात्याचे दात मी मुठीकडे वळलेले दाखवले होते. उद्यमबागेतल्या कारखान्यांत फिटर म्हणून आयुष्य घालवलेल्या एका वाचकाने लिहिले, "पातं उलटं बसवलायसा की." त्यांचे बरोबर होते, हाताच्या हॅकसॉला जोर पुढे ढकलताना द्यायचा असतो, म्हणून दात मुठीपासून दूर, पुढच्या बाजूला हवेत. चित्र मी त्याच रात्री दुरुस्त केले. पण एक नळी जरी स्वतः कापली असती, तर हे मला माझ्या हातानेच सांगितले असते, ही गोष्ट मनातून जाईना. आपले वाचक चित्र पाहून तसेच काम करायला बसतात. त्यांना न हाताळलेले हत्यार दाखवणे मला जमणार नाही. तू म्हणशील, नवी हत्यारे घे, वापर आणि काढ. तसाही विचार करून पाहिला. पण गोष्ट त्या एका पेटीची आणि ती वारशाने मिळालेल्या मुलाची आहे, आणि त्या मुलाला आता पेटीतले सगळे वापरता येते.

आता तुझ्या घराचे. स्वस्त म्हणजे वाईट असे समजू नकोस. मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन पारखून घे. जाताना खिशात एक लहान कानस ठेव आणि दुकानदाराची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर हलकेच फिरवून बघ. कानस सहज चावली तर पोलाद मऊ आहे, आणि ते टोक दहा-वीस स्क्रूंत गोल होऊन स्क्रूचेही डोके खराब करील. कानस घसरू लागली तर निश्चिंतपणे घे. पक्कड मिटून उजेडाकडे धर. जबड्याची टोके जुळली पाहिजेत, आणि कापायच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. मग तिच्याने साधा कागद कापून बघ. कागद न तुटता दुमडला, तर तांब्याची बारीक तारही ती नीट तोडणार नाही. एक मात्र आवर्जून सांगतो, स्वस्त पकडीच्या मुठीवरचे प्लास्टिक हे विजेपासून संरक्षण आहे असे कधीही धरून चालू नकोस. आधी मेन स्विच बंद कर.

हातोडी घेताना दांड्याचे रेषे बघ. ते लांबीच्या दिशेने सरळ हवेत; आडवे गेलेले असतील तर दांडा एक दिवस मोडणारच. आपल्याकडे बाभळीचा दांडा मिळतो, तो उत्तम. हॅकसॉची पाती सहसा 300 मिलिमीटरची असतात आणि त्यांवर दर इंचाला किती दात ते लिहिलेले असते. पातळ नळीला 32 दातांचे, जाड सळईला 18 दातांचे घे, कारण कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर दात अडकून तुटतात.

मोजायच्या टेपच्या टोकाचा हूक किंचित हलतो, तो ठोकून घट्ट करू नकोस. हूकच्या पत्र्याची जेवढी जाडी तेवढाच तो सरकतो, म्हणून बाहेरून अडकवून घेतलेले माप आणि आतून टेकवून घेतलेले माप दोन्ही बरोबर येतात. माझ्या पहिल्या टेपचा हूक मी ठोकून बसवला होता, आणि बाबांनी तो संध्याकाळभर बसून पुन्हा सैल केला होता.

'पेटी'चा शेवटचा भाग गुण्यावर, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्यारावर आहे. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून मुलगा पेन्सिलीने रेघ मारतो, मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारतो. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्याची. बाबांच्या गुण्यावर मी काल रात्री हे तीनदा करून पाहिले. रेघ एकच दिसते. तेच शेवटचे चित्र असेल, फळी आणि एक रेघ, शब्द नाहीत.

पुढच्या शनिवारी बेळगावात ये. सकाळी खडेबाजारात तुझी खरेदी करू, आणि दुपारी घरी बसून ते पान तू बघ. रेघेची जाडी मला अजून पटलेली नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बालमित्र