दत्ता, ती दोन मतं आमच्या घरात होती

कूपर, फाइफ (स्कॉटलंड)
७ जुलै २०२४

प्रिय दत्ता,

तुझा व्हॉइस मेसेज शुक्रवारी सकाळी ऐकला. "तुमच्याकडं पण इलेक्शन झालं म्हणं, गुलाल कुणी उधळला?" गुलाल कसला घेऊन बसलास! गुरुवारी दूध आणायला बाहेर पडलो आणि येता येता ब्रिटनच्या संसदेसाठी मत टाकून आलो. सुट्टी नाही, भोंगा नाही, बोटाला शाई नाही. केंद्राबाहेर कठड्याला दोन कुत्री बांधलेली, मालक आत फुली मारून येईपर्यंत गप बसलेली. आत टेबलावर दोन बायका. यादीत नाव बघितलं, मी आपला निळा भारतीय पासपोर्ट पुढे केला, तो चालला. गेल्या वर्षीपासून इथे फोटोचं ओळखपत्र लागतं आणि त्यात कॉमनवेल्थ देशांचे, म्हणजे आपल्यासारख्या बहुतेक जुन्या ब्रिटिश वसाहतींच्या गटातल्या देशांचे, पासपोर्टही बसतात. मग हातात कागदाची मतपत्रिका. बूथमध्ये दोरीला बांधलेली शिसपेन्सिल. शिसपेन्सिल, दत्ता! आपल्याकडे पेन्सिलीनं मत द्या म्हटलं तर त्याच संध्याकाळी मोर्चा निघेल.

आमचा मतदारसंघ नॉर्थ ईस्ट फाइफ. सेंट अँड्र्यूज यात येतं, म्हणजे शुभाचं विद्यापीठ, जगभरच्या गोल्फवाल्यांचं पंढरपूर, आणि खाली किनाऱ्यानं मासेमारीची जुनी बंदरं. बाकी बटाट्याची आणि बार्लीची शेतं. इथली माणसं एकदा कुणाला धरलं की लवकर सोडत नाहीत. अ‍ॅस्क्विथ नावाचे गृहस्थ १८८६ पासून ३२ वर्षं ईस्ट फाइफचे खासदार होते. मधली आठ वर्षं तर देशाचे पंतप्रधान. पण १९१८ ला त्याच लोकांनी त्यांना घरी बसवलं. पुढे मेन्झीस कॅम्पबेल आले, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये धावलेले. १९८७ पासून २८ वर्षं जागा त्यांची. ते थांबले आणि २०१५ मध्ये एसएनपीचे, म्हणजे स्कॉटलंड वेगळं करू म्हणणाऱ्या पक्षाचे स्टीफन गेथिन्स ४,३४४ मतांनी निवडून आले. त्या वर्षी स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा त्यांच्याच पक्षाला गेल्या होत्या. लाटच होती.

आता जे सांगायचंय ते गेली सात वर्षं सांगायचं राहिलंय. शुभालाही मी ते हसण्यावारी नेऊनच सांगितलं होतं.

२०१७ चा मे महिना. आम्हाला इथे येऊन जेमतेम वर्ष झालेलं. संध्याकाळी मी वरणाला फोडणी टाकत होतो आणि बेल वाजली. दारात एक म्हातारा, पावसात भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली यादी, छातीवर पिवळी रोझेट, म्हणजे पक्षाच्या रंगाचा रिबिनीचा बिल्ला. इथे कार्यकर्ते असेच येतात, एकेकटे. पाठीमागे पोरांचा घोळका नाही की गाड्यांचा ताफा नाही. त्यानं विचारलं, मतदार यादीत नाव घातलंय का? मी म्हटलं, आम्ही भारतीय, आम्हाला कुठलं मत. तो "नाही, पण..." असं काहीतरी म्हणायला लागला. इकडे लसूण करपला होता. मी थँक यू म्हणून दार लावलं. खिडकीतून बघितलं तर तो फाटक नीट लावून घेत होता, कडी पडली का ते दोनदा बघून.

कुठल्या पक्षाचा होता, आज सांगता येत नाही. एसएनपीचा रंग पिवळा, लिबरल डेमोक्रॅट म्हणजे लिब डेमचा भगव्याकडे झुकलेला पिवळा. पावसाळी उजेडात दोन्ही हळदीचेच दिसतात.

८ जूनला मतदान झालं. पहिली मोजणी झाली, फेरमोजणी झाली, पुन्हा मोजलं. सगळं हातानं, गठ्ठे बांधून. शेवटी आकडा आला: गेथिन्स १३,७४३. लिब डेमच्या एलिझाबेथ रिचेस १३,७४१. दोन मतं, दत्ता. जवळजवळ ४२ हजार मतांत दोन. एका अपक्षाला २२४ मिळाली होती, त्याची ५०० पौंडांची अनामतही गेली. तुम्ही परवा मुंबई वायव्यला वायकर-कीर्तिकरांच्या ४८ मतांवर रात्रभर चॅनेल लावून बसला होतात ना? मला तेव्हा हसू येत होतं.

पण २०१७ मध्ये हसू आलं नाही. निकालानंतर दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कामावरचा एकजण म्हणाला, तू कुणाला दिलंस? मी तेच म्हटलं, भारतीय माणूस, मत कसलं. तो घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक कायदेशीर इथे राहत असेल तर त्याला संसदेसाठी मत देता येतं. नाव घालायची मुदत २२ मेपर्यंत होती. म्हातारा आला तेव्हा अजून आठवडा शिल्लक होता. नोंदणीच्या ऑफिसचा कागदही आधी कधीतरी येऊन पडलेला. घरी जाऊन ड्रॉवर उघडला तर पिझ्झाच्या मेनूकार्डाखाली तो तसाच.

आम्ही दोघं. फरक दोनचा. दोघांनी रिचेसबाईंना दिलं असतं तर बरोबरी. आणि बरोबरी झाली की इथेही आपल्या ग्रामपंचायतीसारखी चिठ्ठीच काढतात! अर्थात शुभाचं आणि माझं भाजी कुठली करायची यावरही एकमत होत नाही. एकेक मत दोन्हीकडे गेलं असतं आणि फरक दोनचा दोनच राहिला असता. हे मी स्वतःला बरेचदा समजावलंय. दर वेळी पटतंच असं नाही.

२०१९ ला डिसेंबरात मतदान होतं. पावणेचारलाच सूर्य बुडालेला, हाताला मोजे, आणि आम्ही दोघं रांगेत. त्या खेपेला गेथिन्स १,३१६ मतांनी पडले आणि लिब डेमच्या वेंडी चेंबरलेन आल्या. मूळच्या पोलीस खात्यातल्या. आजारी माणसाची घरी देखभाल करणाऱ्या नोकरदारांना रजा मिळावी म्हणून गेल्या वर्षी झालेला कायदा त्यांनी मांडलेला. मागचा निकाल घासून लागलेला, त्यामुळे प्रचारात पत्रकांचा पूर आला होता. लिब डेमवाले एक आलेख छापतात, त्यात आपला खांब उंच आणि तिसऱ्याचा बुटका, खाली ठळक अक्षरात "इथे त्यांना संधीच नाही". म्हणजे तुला हुजूर पक्ष किंवा लेबर आवडत असला तरी स्कॉटलंड वेगळं व्हायला नको असेल तर मत आम्हाला दे. लोक देतातही. आपल्याकडे याला "मत वाया घालवू नका" म्हणतात, फक्त आपण आलेख काढत नाही.

या वेळी मात्र गंमतच नव्हती. मतदारसंघाच्या सीमा थोड्या बदलल्यात, पण तेवढ्यानं काही होत नाही. चेंबरलेन २३,३८४ आणि एसएनपी ९,९०५. अख्ख्या स्कॉटलंडच्या जागा आता ५७, त्यांतल्या नऊच एसएनपीकडे उरल्या. गेथिन्स त्या नवांतले एक, शेजारच्या अ‍ॅंगसकडून, अर्ब्रोथ आणि ब्रॉटी फेरीतून, ८५९ मतांनी. माणसाच्या नशिबात मोठे आकडे नाहीतच बहुतेक.

आता मूळ मुद्दा. डिसेंबर २०२२ ला तू वॉर्डात तीन मतांनी पडलास तेव्हा पुण्याहून मतदानाला न आलेल्या सुन्याला आणि त्याच्या बायकोला मी फोनवर काय काय बोललो होतो, आठवतंय? "दोन मतांची किंमत कळत नाही का तुला" असं मीच म्हणालो होतो. स्पीकर चालू होता, तुझे आप्पा पण ऐकत होते. त्या वेळी तो कागद माझ्या ड्रॉवरमध्येच होता. अजून आहे, टाकवत नाही.

सुन्या आषाढीला गावाकडे आला तर त्याला हे पत्र वाचायला दे. मीच फोन करणार होतो, पण तो माझा नंबर बघून उचलत नाही.

वहिनींना सांग, कांदा-लसूण चटणी संपत आलीय. आप्पांना नमस्कार.

तुझा,
विनू