वजन वाढलं, पिशवी एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ एप्रिलच्या हिमोफिलिया दिनाला रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ आणि ९ च्या कमतरतेबद्दल पुष्कळ छापून येतं. आमच्या घरात कमी आहे तो १३ नंबर. त्याचं नाव कुठे दिसत नाही, म्हणून लिहिते.

माझी मुलगी नऊ वर्षांची. बाळ असताना नाळ पडली, पण बेंबीतून रक्त ठिबकायचं थांबेना. रक्त गोठण्याच्या तपासण्या, पीटी आणि एपीटीटी, दोन्ही नॉर्मल. या आजारात ते नॉर्मलच येतात, हे कळायला आम्हाला तीन वर्षं लागली. मला मामाच्याच घरी दिलेली, त्यामुळे दोष दोन्हीकडून आला. सासूबाई म्हणजे माझी मामीच, तेव्हा एकमेकींना बोल लावायचीही सोय नाही.

फॅक्टर ८ अंगात साधारण १२ तासांत निम्मा होतो, म्हणून तो कमी असलेली मुलं आठवड्यातून दोन-तीनदा इंजेक्शन घेतात. १३ नंबर निम्मा व्हायला ९ ते १४ दिवस लागतात. महिन्यातून एकदा क्रायो (रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेला, फॅक्टर १३ असलेला भाग, पिशवीत येतो) लावलं की भागतं. सोय मोठी, पण घोळही त्यातच. महिन्याने जावं तर समोर नवे डॉक्टर. ते मागचं पान बघतात आणि तेच पुढे उतरवतात : 'क्रायो १'. ही एक पिशवी ठरली तेव्हा पोरगी १३ किलोची होती.

गेल्या दिवाळीपासून तिच्या पोटऱ्यांवर काळेनिळे डाग दिसायला लागले. मी कॅलेंडरवर फुल्या मारत गेले. सगळ्या फुल्या पिशवीच्या आधीच्या आठवड्यातल्या. जानेवारीत दळण टाकायला गेले, तेव्हा गिरणीच्या काट्यावर तिलाच उभं केलं. २७ किलो. गिरणीवाले म्हणाले, "वहिनी, जाड दळू की बारीक?" ती खिदळली. मला घाम फुटला. उपचार नसले तर या आजारात सुमारे ३० टक्के रुग्णांच्या डोक्यात रक्तस्राव होतो, हे मला पाठ आहे.

हिशेब अवघड नाही : १० ते २० किलोमागे एक पिशवी, दर तीन-चार आठवड्यांनी. दोन पिशव्या सुरू झाल्यापासून एकही फुली नाही. विषाणू निष्क्रिय केलेलं तयार फॅक्टर १३ असतं, त्याची सुरुवात किलोमागे ४० युनिटने, दर २८ दिवसांनी. म्हणजे हिला १०८०. ते आम्हाला अजून मिळालेलं नाही. पण तिथेही आधी किलोच विचारणार.

केसपेपरवर पिशव्यांच्या शेजारी वजन आणि तारीख लिहावी. पुढची पिशवी लावण्याआधी फॅक्टरची पातळी ५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही ना, हेही मधूनमधून तपासावं. दोन-तीन वर्षांत पोरीची पाळी सुरू होईल, वजनही भराभर वाढेल. आम्ही जातो तिथे ओपीडीत वजनकाटा आहे. त्याच्यावरचे फायलींचे गठ्ठे तेवढे हलवावेत.

– एक आई, धनकवडी, पुणे