रंगाआधी पत्रा उघडा करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कस्टम (मालकाच्या हौसेने आकार बदललेल्या) गाडीचे छायाचित्र छापून येते तेव्हा सोबतचा मजकूर बहुतेक रंगाबद्दल असतो. चकाकी कशी आहे, छत किती खाली घेतले आहे, दिवे मडगार्डात कसे बुडवले आहेत. पत्र्याबद्दल अवाक्षर नसते. या गाड्या जातात मात्र पत्र्यानेच. नवा रंग लागून वर्ष-दीड वर्ष होते आणि चाकाच्या कमानीवर मोहरीएवढे फुगे दिसू लागतात. मालक रंगाऱ्याला बोल लावतो, रंगारी दमट हवेला. खरा दोष लांबीच्या (पत्र्यावरचे खड्डे बुजवणाऱ्या पुट्टीच्या) खाली, बहुधा पत्र्याच्या पाठीमागे, रंग लागण्याच्या कितीतरी आधीपासून बसलेला असतो. तो कसा शोधायचा आणि कसा काढायचा, हे तपशिलाने क्वचितच लिहिले जाते, म्हणून हे पत्र.

साध्या जुन्या गाडीत गंज कुठे धरतो ते ठरलेले असते. दारांचा खालचा काठ, दाराखालची लांब पेटी (कारागीर तिला सिल म्हणतात), मडगार्डची मागची खालची बाजू, काचेच्या रबराखालची खाच, डिकीची पन्हळ. कस्टम गाडीत या जागा असतातच, शिवाय कारखान्याने कधी न पाहिलेले सांधेही असतात. १९४९ ते १९५१ च्या मर्क्युरी या अमेरिकी गाड्या घ्या. कॅलिफोर्नियात त्यांची छते काही इंच कापून खाली आणली गेली, सांधे गॅसने जोडले गेले आणि वरून शिसे ओतून, कानशीने घासून एकसंध केले गेले. शिशामुळेच अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’ हे नाव पडले. पॉलिएस्टरची बॉडी-पुट्टी, म्हणजे आपली लांबी, नंतर आली. त्यानंतरच्या प्रत्येक मालकाने आपापल्या काळात जे हाती लागले ते वर चढवले. आज एखादा छताचा खांब उघडला तर गॅसचा सांधा, त्याशेजारी पितळेची झाळ, वर शिसे, त्यावर फायबरची जाळी आणि सगळ्यावर दोन रंगांची लांबी, असे सगळे एकाच जागी सापडते.

शिशाचे काम वाईट होते असे मुळीच नाही. नीट केलेले शिसे पन्नास वर्षांनंतरही पत्र्याला घट्ट धरून असलेले दिसते. पण शिसे धरावे म्हणून आधी जो आम्लयुक्त फ्लक्स लावतात, तो धुतला गेला नसेल तर कडेने पत्रा खातच राहतो. म्हणून शिशाच्या बाजूबाजूने ओळीत फुगे आले असतील तर संशय फ्लक्सवर घ्यावा.

आता शोधायचे कसे? चुंबक सगळ्यांना ठाऊक आहे. पातळ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक फिरवायचा, जिथे पकड सुटते तिथे खाली लोखंड दूर आहे. कस्टम गाडीत यात एक मेख आहे. चुंबक शिशालाही धरत नाही, त्यामुळे खाली चांगले शिसे आहे की जाड लांबी, हे त्यावरून कळत नाही. रंगाची जाडी मोजणारे यंत्र हाती असेल तर दर दहा सेंटिमीटरवर माप घेऊन मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहावे. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतो. दोन-तीनदा रंगवलेली गाडी ३०० ते ४०० दाखवते. आकडा हजाराच्या वर गेला की खाली भराव आहे. मात्र यंत्रही शिसे आणि लांबी यांत फरक करत नाही. तो ठरवायला कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडावीच लागते. शिसे चाकूने चकाकते, लांबीचा भुगा होतो.

बाहेरून पाहण्याइतकेच आतून पाहणे महत्त्वाचे आहे, आणि तेच टाळले जाते. दाराचे अस्तर काढा, गालिचा उचला, आरसा आणि विजेरी आत घाला. पोच आलेला पत्रा ओढून काढण्यासाठी पूर्वी त्याला तीन मिलिमीटरची भोके पाडून त्यांत आकडा अडकवत. पत्रा साधारण वर आला की भोके न बुजवता वरून लांबी दाबली जाई. अशा पत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला तर बोटांना लांबीच्या टणक गाठी लागतात, एका ओळीत, इंच-इंच अंतरावर. त्या प्रत्येक गाठीच्या कडेने पाणी आत शिरते. लांबीत टाल्कची पूड असते, ती ओल धरून ठेवते, आणि ती ओल थेट उघड्या लोखंडाला चिकटून राहते. बाहेरून रंग कितीही उत्तम असो, गंज पाठीकडून पुढे येतो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा तिथला पत्रा बहुतेक आरपार गेलेला असतो.

दाराखालच्या पेटीवर थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण फसवणूक सर्वांत जास्त तिथे होते. कुजलेल्या पेटीवर नवे आवरण चढवून कडेने वेल्ड मारायचे आणि सांधा लांबीने झाकायचा, ही जुनी पद्धत आहे. वरून पेटी नवी दिसते. आत जुना गंजका पत्रा तसाच, आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत माती व पाणी. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, त्यामुळे फटीतला गंज फुगून दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो आणि नवे आवरणही फाटते. यावर दुरुस्ती एकच, सगळे थर कापून काढणे. काहींचा समज असतो की स्वतंत्र चॅसी (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) असलेल्या गाडीत वजन चॅसी पेलते, तेव्हा पेटी सरळ कापली तरी बिघडत नाही. वजन चॅसी पेलते हे खरे, पण दाराच्या फटी पेटी आणि खांब मिळून धरून ठेवतात. पेटी कापली की बॉडी नकळत बसते, आणि नवी पेटी त्या बसलेल्या मापावर वेल्ड होते. मग दार लागत नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी बॉडी आणि चॅसी यांमधले रबरी ठोकळे तपासा आणि झिजलेले बदला. ते पेटीनंतर बदलले तर जुळलेल्या फटी पुन्हा बिघडतात. गाडी सपाट जागी, चॅसीखाली चार पक्के आधार देऊन उभी करा. दाराच्या चौकटीत २० किंवा २५ मिलिमीटरची चौकोनी नळी आडवी व तिरपी टाचून घ्या. दोन्ही कर्ण मोजा, आकडे चौकटीवरच लिहा. एका वेळी एकच बाजू कापा. नवी पेटी क्लॅम्पने धरून दार बसवा, उघडझाप करून पाहा, फटी जुळल्या की मगच टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा.

कापण्याआधी पत्रा उघडा करायचा. वायरच्या ब्रशने गंज चमकतो, जात नाही; खड्ड्यांच्या तळाशी तो तसाच राहतो. खड्डे साफ करायला ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारणे) चांगले, पण दार, बॉनेट, छत अशा मोठ्या सपाट भागांवर जाड वाळूचा जोराचा मारा केला तर कणांच्या आघाताने पत्रा ताणून फुगतो आणि तो परत सरळ होणे फार अवघड असते. तिथे प्लास्टिकचे कण किंवा सोडा वापरावा. सोडा वापरला तर पत्रा नंतर कसोशीने धुवावा, नाहीतर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. नुसत्या वाळूच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो, तेव्हा वाळू नकोच. आम्लाच्या टाकीत सगळी बॉडी बुडवण्याचा मोह होतो. स्वच्छता उत्तम होते, पण दुपदरी सांध्यांत शिरलेले आम्ल महिन्यांनंतर बाहेर झिरपते आणि नवा रंग तिथून सुटतो.

उघड्या पत्र्यावर टोकदार सळईने दाबत जा. जिथे ती आत जाते किंवा पत्रा डबीच्या झाकणासारखा कटकन वाजतो, तिथून पुढे किमान २५ मिलिमीटर चांगला पत्रा लागेपर्यंत कापाची रेघ न्या. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात उष्णता आणि ताण दोन्ही साठतात. नवा पत्रा मूळ जाडीचाच घ्या. त्या काळच्या अमेरिकी गाड्यांत तो साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटर असे. पातळ पत्रा जाड पत्र्याला जोडला की वेल्डिंगला पातळ बाजू आधी जळते.

सांधा काठाला काठ असाच हवा. पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड करणे सोपे, पण मागे नवी फट तयार होते आणि गंजाला नवे घर मिळते. मिग वेल्डिंगला (यात यंत्रातून सतत तार पुढे येते आणि विजेने वितळते) ०.६ मिलिमीटरची तार आणि काठांत जवळपास तेवढीच फट ठेवावी. पहिला टाका एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मधोमध, मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्ये. प्रत्येक टाक्यानंतर तळहात ठेवता येईल इतका पत्रा निवू द्यायचा. घाई केली की काय होते ते पाहण्यासारखे आहे. तापलेला पत्रा पसरू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो तिथेच दाबला जाऊन जाड होतो. निवताना मात्र तो मोकळेपणाने आकसतो आणि सांध्याच्या रेषेत पत्रा ओढला जातो. सपाट दारावर अशी ओढ आली की दोन्ही बाजूंना लाटा उठतात. त्या लांबीने बुजवायच्या नसतात. टाक्याचा उंचवटा घासून जवळजवळ सपाट करायचा, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरायची आणि नेमक्या टाक्यावर हलके हातोडीचे ठोके देत आकसलेला धातू पुन्हा ताणायचा. दहा-बारा टाके झाले की लाटा उतरताना डोळ्यांना दिसतात. पत्राकामाचे खरे कसब इथे आहे आणि त्याला वेळ लागतो, हे काम देणाऱ्यानेही मान्य केले पाहिजे.

छताच्या खांबांवर पितळेची झाळ सापडली तर तिच्यावर मिग चालवू नये. पितळ वेल्डमध्ये मिसळते, वेल्ड सच्छिद्र होऊन तडकतो. झाळ असलेली पट्टी पूर्ण कापून तिथे नवा पत्रा घालणे हाच मार्ग. शिसे असेल तर ते वितळवून, तारेच्या ब्रशने स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत काढावे, मगच जवळपास वेल्ड करावे. शिशावर ग्राइंडर किंवा सँडर अजिबात चालवू नका. धूळ विषारी असते. कानस वापरा, भुसा गोळा करा, काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय तोंडाजवळ नेऊ नका. छताच्या कडेची पाण्याची पन्हळ घासून काढलेल्या गाडीत आणखी एक धोका असतो. मूळ रचनेत छत आणि बाजूचा पत्रा त्या पन्हळीतच एकमेकांना जोडलेले असतात. पन्हळ कापून नुसती लांबी भरलेली असेल तर छत काही ठिकाणी कशालाच धरून नसते.

वेल्डिंग झाले की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर चढवावा. आधी गंज घालवण्याचे फॉस्फरिक आम्ल लावले असेल तर त्याचा अंश राहू देऊ नये, त्यावर इपॉक्सी धरत नाही. लांबी इपॉक्सीवर, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून लावावी. एच प्रायमरवर (आम्लयुक्त प्रायमरवर) लावू नये. तयार थर तीन मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर पत्रा अजून सरळ झालेला नाही, हातोडीकडे परत जावे. लांबी कडक करणारा हार्डनर वजनाने दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला दोन ग्रॅम. अंदाजाने जास्त घातला तर त्यातले पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग बनून उमटते, कमी घातला तर थर चिकट राहून पुढे बसत जातो. पुठ्ठ्यावर कालवू नका, फेटू नका. आणि लांबीला पाणकागदाने घासू नका, ती ते पाणी पिऊन ठेवते. टू-के (दोन घटक मिसळून लावायच्या) प्रायमर व रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. साधा कापडी मास्क पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो.

बुडवलेल्या दिव्यांच्या खोबणींत मागून चिखल आणि पाणी साचते, कारण मुळात तिथे निचऱ्याची सोय नसते. खोबणीच्या सर्वांत खालच्या जागी आठ-दहा मिलिमीटरचे भोक ठेवावे. दारे व पेटी यांची निचऱ्याची भोके रंगकामात हमखास बुजतात, ती तारेने मोकळी करावीत. शेवटी प्रत्येक बंद पोकळीत, चहूबाजूंनी फवारणाऱ्या लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारे मेण) सोडावे. हे काम रंग पूर्ण वाळल्यावरच करायचे. वेल्डिंगच्या आधी वॅक्स असेल तर ते पेट घेते. वॅक्स निचऱ्याच्या भोकांतून ठिबकू लागले म्हणजे ते तळाच्या सांध्यापर्यंत पोचले. ठिबकणे थांबल्यावर भोके पुन्हा एकदा तारेने तपासावीत.

काम करवून घेणाऱ्यांना एक विनंती. लांबीचा पहिला हात लागण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची आतून आणि बाहेरून छायाचित्रे मागा, मापाची पट्टी शेजारी ठेवून. चांगला कारागीर ती आनंदाने देईल. आणि संपादक महोदय, अशा गाडीचा फोटो पुढच्या वेळी छापाल तेव्हा सोबत उघड्या पत्र्याचाही एक छापावा.

आपला,
पत्राकामातला एक वाचक