चि. सानिका हिस: उघडता येणाऱ्या लॅपटॉपविषयी

चरई, ठाणे
11 जानेवारी 2026

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझा शुक्रवारचा निरोप वाचला. लिनक्ससाठी (म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीसाठी) लॅपटॉप नवा घ्यावा की वापरलेला, आणि ‘दुरुस्त करता येणारा’ या शब्दांवर किती भरवसा ठेवावा, असे तू विचारले आहेस. फोनवर अर्धे बोलणे राहून जाते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षे काढली असली तरी या बाबतीत मला खरे शिकवले ते आपल्या घरातल्या दोन लॅपटॉपांनी.

पहिला तुला आठवत असेल. 2017 साली घेतलेला, चंदेरी रंगाचा, वहीसारखा पातळ. त्याची आठ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असतानाची मेमरी, मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) कायमची सोल्डर केलेली होती, आणि विकत घेताना मी ती चौकशी केली नव्हती. चौथ्या वर्षी तो सुरू होता होता अडकू लागला, तेव्हा मी रात्रभर मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवून ठेवला. सकाळी पाहते तो प्रत्येक फेरीत चूक नेमक्या त्याच पत्त्यांवर दाखवलेली. म्हणजे एक चिप गेली होती, बाकी सारे धडधाकट होते. सेवा केंद्रात सांगितले की रॅम वेगळी बदलता येत नाही, अख्खा मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्यासाठी सांगितलेली रक्कम लॅपटॉपच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक होती. मी स्वतः आयुष्यभर सोल्डरिंग शिकवले. पण ज्या चिपचे टाके तिच्या पोटाखाली असतात ती उचलून दुसरी बसवण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. उत्तम स्क्रीन आणि उत्तम कीबोर्ड असलेले ते यंत्र एका चिपपायी भंगारात द्यावे लागले, याचा राग मला अजून आहे.

त्यानंतर 2021 मध्ये मी लेनोव्होचा वापरलेला थिंकपॅड टी 480 घेतला. हे मॉडेल 2018 चे. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत, एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) बदलता येते, आणि बॅटऱ्या दोन आहेत: एक आत, दुसरी मागून खटके सरकवून बाहेर काढता येणारी. आतली बॅटरी शाबूत असेल तर लॅपटॉप बंद न करता बाहेरची बदलता येते. आठ जीबीवर घेतला होता, पुढच्या दिवाळीत मी स्वतः चोवीस केली. गेल्या वर्षी आतली बॅटरी बदलली, तो प्रकार तुला नीट सांगते, कारण पुढे तुलाही तेच करायचे आहे. प्रथम बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत जाऊन आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडायचा, म्हणजे बोर्डावरचा वीजपुरवठा तुटतो. मग बाहेरची बॅटरी काढायची. तळाचे सहा स्क्रू झाकणातच अडकून राहतात, त्यामुळे ते हरवण्याची भीती नाही. नंतर मुदत संपलेले एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेकडेने फिरवायचे, की आतल्या खुंट्या एकेक करून टकटक सुटतात. पहिल्या आवाजाला माझ्याही छातीत धस्स झाले होते, पण तो मोडल्याचा आवाज नसतो. सारे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो उरकले.

त्याच टेबलावर जुलैत माझ्या हातून चहाचा कप कीबोर्डवर लवंडला. अशा कीबोर्डांना पाणी खाली वाहून जाण्यासाठी वाटा ठेवलेल्या असतात, म्हणून बोर्ड वाचला. पण साखरेमुळे चार कळा चिकटून बसल्या. मी लॅमिंग्टन रोडवरून नवा कीबोर्ड आणला आणि बसवला. अनेक पातळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या कवचाला रिव्हेट करून टाकलेला असतो, तेथे याच चहाची किंमत संपूर्ण वरचा भाग एवढी झाली असती.

आता तू ज्याच्यावर मन लावून बसली आहेस त्या फ्रेमवर्कविषयी, म्हणजे दुरुस्त करता येणारे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीविषयी. त्यांचे काम मला मनापासून आवडते. 2021 मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या तेरा इंची लॅपटॉपच्या सांगाड्यात त्यानंतरच्या पिढ्यांचे मदरबोर्ड बसतात, मग त्यांवरचा प्रोसेसर इंटेल कंपनीचा असो वा एएमडीचा. म्हणजे प्रोसेसर जुना झाला तरी स्क्रीन आणि कवच टाकावे लागत नाही. प्रत्येक सुट्या भागावर क्यूआर कोड असतो, पोर्ट हवे तसे बदलता येतात, लिनक्सकडे ते आवर्जून लक्ष देतात. माझी अडचण वेगळी आहे. दुरुस्ती ही स्क्रूवर जितकी अवलंबून असते तितकीच सुट्या भागाच्या अंतरावर अवलंबून असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तुझा डिस्प्ले गेला तर त्याचा भाग परदेशातून मागवायचा, सीमाशुल्क भरायचे आणि वाट पाहत बसायचे. थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड किंवा एचपीचे एलिटबुक यांचे भाग नौपाड्यातला दुकानदार एक-दोन दिवसांत आणून देतो, कारण या यंत्रांचा वापर आपल्याकडच्या कार्यालयांत मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून तुझ्यासाठी आज माझे मत वापरलेल्या व्यावसायिक लॅपटॉपच्या बाजूने आहे. तू पुढे परदेशी शिकायला गेलीस तर तेथे फ्रेमवर्क जरूर घे.

गेल्या ऑक्टोबरच्या 14 तारखेला विंडोज 10 चा आधार संपला. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर स्वीकारत नाही, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे स्वस्तात समोर येतील. लिनक्स त्यांवर उत्तम चालते हे खरे, तरी तू त्या मोहात पडू नकोस. सातव्या पिढीतल्या लॅपटॉपच्या ‘यू’ (कमी वीज खाणाऱ्या) प्रोसेसरांना दोनच कोअर, म्हणजे एकाच वेळी गणित करणारे भाग, असत. आठव्या पिढीत त्यांतल्या आय 5 आणि आय 7 प्रोसेसरांना चार झाले, आणि तुझ्या संख्याशास्त्राच्या कामात, जेथे एकच गणित हजारदा चालवायचे असते, हा फरक रोज जाणवेल.

मॉडेलच्या नावावर मात्र विसंबू नकोस, त्या मॉडेलची पिढी पाहा (ही प्रोसेसरच्या पिढीहून वेगळी). थिंकपॅडच्याच टी 14 मालिकेत 2020 मध्ये काही रॅम सोल्डर केलेली आणि जोडीला एकच स्लॉट होता. मध्ये काही एएमडी प्रकारांत सगळीच सोल्डर केलेली आली. आणि 2024 च्या पाचव्या पिढीत दोन स्लॉट आले. लॅटिट्यूड 5420 आणि एलिटबुक 840 च्या जी 8 मध्येही दोन स्लॉट आहेत. रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत, तेव्हा आज सोळा जीबीची एकच पट्टी असलेले यंत्र घ्यावे आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवावा.

दुकानात गेल्यावर तिथे टाकलेले विंडोज पाहण्यात वेळ घालवू नकोस. आपला पेनड्राइव्ह लावून त्यावरूनच लिनक्स सुरू कर आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळा एकेक करून तपास. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघड. झोपलेले यंत्र नीट जागे होत नसेल तर ते यंत्र नको, कारण तो त्रास तुला दिवसातून दहा वेळा होईल. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलासाठी मी गेले होते, तेव्हा ‘बॅटरी एकदम चांगली’ म्हणून दाखवलेल्या लॅपटॉपची मूळ क्षमता 48 वॉट-तास होती आणि उरलेली 31, म्हणजे जेमतेम पासष्ट टक्के. तो आकडा दाखवताच नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा झाली. बायोसमध्येही जाऊन बघ. जुन्या कंपनीचा पासवर्ड तसाच राहिला असेल तर तो काढणे तुझ्या किंवा माझ्या हातचे नाही. असे यंत्र कितीही स्वस्त असो, परत ठेव.

वाय-फाय कार्ड बदलावे लागले तर एक लक्षात ठेव: इंटेलचे एएक्स 210 एएमडीच्या यंत्रातही चालते, पण दिसायला तसेच असलेले एएक्स 211 फक्त इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालते. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. तिचा भर शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर होता. आपण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडण्याची मुभा मागावी लागते, हे मला फार लागते. त्या चंदेरी लॅपटॉपनंतर तर अधिकच.

संक्रांतीला तू येशील तेव्हा शनिवारी आपण दोघी नौपाड्यात जाऊ. पेनड्राइव्ह मी तयार करून ठेवला आहे. घेतलेला लॅपटॉप त्याच संध्याकाळी तू माझ्यासमोर उघडायचा आहेस. मी हात लावणार नाही. आणि चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय लिनक्समध्ये कशी लावायची तेही तेव्हाच दाखवते, कारण वसतिगृहात तुझा लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो.

तुझी,
आई