काकांचं नाव गाळू नकोस

चि. अर्चना हिस अनेक आशीर्वाद.

काल वावरात सीतादही झाली. धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य ठेवला आणि बाया कापूस वेचायला लागल्या. माझं ध्यान मात्र तुझ्या रविवारच्या फोनकडेच होतं. "बाबा, काकांचं नाव नाही टाकलं तर कोणाला कळणार आहे?" असं म्हणालीस आणि मग कितीतरी वेळ गप्प राहिलीस. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहितो.

अमेरिकन सरकारचं गोपनीय काम करण्याच्या मंजुरीसाठी (सिक्युरिटी क्लिअरन्स) भरायचा तुझा तो एसएफ-८६ फॉर्म वरोऱ्याहून छापून आणला. शंभरावर पानं आहेत. जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवूनही वाचायला दोन रात्री गेल्या. १८व्या भागात आईवडील, भाऊबहीण, मुलं, सासूसासरे असे नातेवाईक विचारले आहेत. त्यात काका नाहीत, हे तुझं खरं. पण १९वा भाग पुन्हा वाच. मागच्या सात वर्षांत ज्या परदेशी माणसाशी मायेचा किंवा बांधिलकीचा जवळचा, सततचा संबंध आहे, तो तिथे सांगायचा. आधी न आलेले नातेवाईकसुद्धा. अकरावी-बारावीला तू भद्रावतीला काकाच्या क्वार्टरमध्ये राहिलीस. तापाने फणफणलीस तेव्हा रात्रपाळी करून आलेला तो माणूस सकाळपर्यंत तुझ्या उशाशी बसला होता. आजही दर आठवड्याला त्याच्याशी बोलतेस. हा संबंध जवळचा नाही, तर कोणता जवळचा?

तो ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे, याचीच तुला भीती. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली, पण कंपनी सरकारचीच आणि माल दारूगोळ्याचा. ते विचारतील, खोलात जाऊन विचारतील. विचारू दे. मीही जिल्हा परिषदेची पेन्शन खातो. तिकडच्या लेखी मीसुद्धा परक्या सरकारचाच माणूस. वाचून आधी पोटात कालवलं. तुझी आई तर म्हणाली, "आपन काई चोर हावो का जी?"

मग काका नोकरीला लागला तेव्हाची गोष्ट आठवली. पोलीस पाटील ओसरीवर बसून घरातल्या एकेकाची चौकशी करत होते आणि तुझी आजी त्यांना चहा देत होती. ज्याच्या हाती देशाचं गुपित द्यायचं, त्याच्या माणसांना कोणी धमकावलं किंवा लालूच दाखवली तर तो काय करेल, हे आधी बघावंच लागतं. तिथे २०१७ पासूनचे जे तेरा निकष आहेत, त्यांत 'परकीय प्रभाव' हा त्याचसाठी. नातेवाईक परदेशात आहेत एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. देश कोणता, माणूस काय काम करतो, दबाव येण्याची शक्यता किती, तुझी मुळं तिथे किती रुजली, हे सगळं मिळून तोलतात. जाणूनबुजून लपवणं मात्र वेगळ्याच निकषात येतं, आणि खोटी माहिती देण्याला तिथल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

लपवण्याचं मला विचार. एका वर्षी पीककर्जाच्या अर्जात मी दुसऱ्या सोसायटीचं कर्ज लिहिलं नाही. बेबाकीच्या, म्हणजे कर्ज बाकी नसल्याच्या, दाखल्याच्या वेळी ते निघालं. कर्ज थांबलं आणि मृगाचा पेरा सावकाराच्या पैशावर झाला. रक्कम लहानच होती. लिहिली असती तर साहेबांनी फार तर दोन प्रश्न विचारले असते. त्यानंतर मात्र माझ्या प्रत्येक कागदाकडे ते संशयानेच बघत.

आजोबांनी मृत्युपत्राने दिलेले दोन एकर सातबाऱ्यावर तुझ्या नावे आहेत, तेही लिही. वारशाने मिळालेले, म्हणून ते तुझ्याकडे राहतात. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आणि मोटारपंपाला पाठवलेले पैसेही सांग. परदेशी माणसाला आर्थिक मदत केली का, असा प्रश्न २०व्या भागात आहे. बँकेची स्लिप सोबत ठेवली आहे. आणि हे निस्तरेपर्यंत फोन कमी करते म्हणालीस, ते करू नकोस. दर रविवारी व्हिडिओ कॉल, असंच लिही आणि असाच करत राहा.

जन्मतारखा हव्या होत्या. माझी बरोबर आहे. आईची दाखल्यावर १ जून १९६२ आहे. ती गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली. आम्ही मास्तर लोक सर्रास तसंच करत असू. ती खरी जन्मली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, साल तेच. फॉर्मवर दाखल्याचीच तारीख टाक. समोर बसून विचारलं, तर तान्ह्या पोळ्याचंही सांग.

तुझा,
बाबा