रात्रीचा फोनही आता उचलला जातो : ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण दुकानाचे फोन इंटरनेटवर नेताना तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते गोव्यातल्या आणखी चार छोट्या धंदेवाल्यांना कळलं, तर त्यांचा पैसा आणि मनस्ताप वाचेल, म्हणून सर्वांसमक्ष लिहिते आहे. नाव लिहू नका म्हणालात, ते पाळते.

म्हापशात आमचं एसी, फ्रीज आणि कोल्ड रूम दुरुस्तीचं काम. धंदा लहान होता तेव्हा दुकानातला 0832चा लँडलाइन आणि ह्यांचा मोबाइल पुरायचा. मग फोंड्याला दुसरं दुकान झालं, मेकॅनिक वाढले, कळंगुट-हणजूणपासून मोरजीपर्यंतची हॉटेलं आली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे हॉटेलवाल्यांनी इसवण, सुंगटं आधीच भरून ठेवलेली असतात. वर पाऊस आणि विजेची ये-जा. अशा रात्री कॉम्प्रेसर बंद पडला आणि आमचा नंबर एंगेज लागला, तर समोरच्याचा सगळा माल जातो. तुम्ही ज्या हॉटेलचं नेटवर्क सांभाळता, तिथल्या स्वयंपाकघरातून एका रात्री आम्हांला लावलेला फोन लागलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात. दुसरा मेकॅनिक बघतो असं सांगायला आला असाल, असं मला वाटलं. तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "तुमच्याकडे फोन येतात कसे, ते जरा दाखवता?"

तेव्हा माझ्या टेबलावर इंटरनेटवर चालणाऱ्या फोनची कोटेशनं पडली होती. कुणी माणशी दर लावला होता, कुणी वर्षाचे पैसे आधी मागत होता, कुणी आलेले फोन वाटून देणारं मशीन दुकानातच बसवा म्हणत होता. ती बाजूला सारून तुम्ही एक वही मागितलीत. आलेला प्रत्येक फोन लिहायचा : वेळ, कोण, कशासाठी, आणि खरं तर तो कुणाला मिळायला हवा होता. "आधी हे कळू दे, मग कंपनीचं बघू," एवढंच म्हणालात.

त्या वहीनं आमचा धंदा आम्हांलाच दाखवला. सकाळी दुकान उघडताना एकदम चार-पाच फोन येत आणि त्यांतले निम्मे "तुमचा माणूस कुठपर्यंत पोचला?" एवढं विचारायला असत. जुनी गिऱ्हाइकं थेट मेकॅनिकच्या मोबाइलवर बोलत. तो काम सोडून गेला की गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर जाई. नंबर धंद्याचा हवा, माणसाचा नको, हे तुम्ही त्या पानांवर बोट ठेवून दाखवलंत. ताई, इतकी वर्षं धंदा करून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग इंटरनेट. मला वाटत होतं, जास्त एमबीपीएसची, म्हणजे जास्त वेगाची लाइन घेतली की झालं. तुम्ही कागदावर हिशेब मांडलात : आवाज आकड्यांत बदलून पाठवायच्या जी.711 पद्धतीत 64 केबीपीएस लागतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), वरचं पॅकिंग धरून एका कॉलला जाता-येता प्रत्येकी 100 धरा, म्हणजे पाच कॉलना अर्धा एमबीपीएससुद्धा पुरे. अडचण वेगाची नाही, आवाज उशिरा किंवा तुटक पोचण्याची. एका बाजूनं 150 मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज होतं, त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसू लागतात. आमचे सीसीटीव्ही कॅमेरे दिवसभर चित्रं वर पाठवत होते आणि अपलोड तिथंच अडत होता. तुम्ही राउटरमध्ये आवाजाला पहिला मान दिलात, आणि इंटरनेट फोनच्या जोडणीत राउटर स्वतः फेरफार करतो ती 'एसआयपी एएलजी' नावाची सोय बंद केलीत. नव्या फोनच्या चाचणीत आमचं बोलणं पलीकडे जायचं, पण त्यांचं इकडे ऐकू यायचं नाही, ते त्याच क्षणी थांबलं. कंपनीचा माणूस त्यासाठी नवा राउटर विकायला निघाला होता.

मशीन दुकानात की क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर, हा वाद आमच्या घरात बरेच दिवस चालला. दिरांचं म्हणणं, त्या मशीनचं काम करणारं ॲस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक जुना संगणक त्याला देऊ, महिन्याचा खर्च वाचेल. तुम्ही त्यांना खोडून काढलं नाहीत. ॲस्टेरिस्क चांगलंच आहे, 1999 पासून जगभर लोक वापरतात, असंच म्हणालात. फक्त विचारलंत, "पावसात वीज गेली, दुकानाला कुलूप आहे, तेव्हा ते कोण चालू करणार?" क्लाउड ठरला तो या प्रश्नावर. आता दुकानात अंधार असला तरी फोन रात्रपाळीच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर वाजतो, त्यानं नाही उचलला तर ह्यांच्या. गिऱ्हाइकाला मात्र दुकानाचाच नंबर दिसतो.

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्सचेंजकडून 48 व्होल्टची वीज येते, म्हणून घरात दिवे गेले तरी तो चालतो. फायबर इंटरनेटचा डबा मात्र आपल्याच विजेवर चालतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. टेबलावरचे फोन नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणारे घ्यायला लावलेत, त्यामुळे फायबरचा डबा, राउटर आणि या केबल जिथे जोडतात तो स्विच यांना मिळून एकच यूपीएस पुरला.

नंबराच्या बाबतीत तुम्ही फार कडक होतात, आणि ते किती बरं झालं. कुठल्याशा परदेशी ॲपचा स्वस्त नंबर तुम्ही बघूही दिला नाहीत. इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलायची मोकळीक आपल्याकडे 2018 मध्ये मिळाली, पण ती परवाना असलेल्या कंपनीमार्फतच, म्हणून परवाना कुणाचा हे आधी विचारायला शिकवलंत. जुना लँडलाइन दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ती सोय मोबाइलला आहे. आणि तो नंबर तर आम्ही बसवलेल्या प्रत्येक एसीच्या स्टिकरवर. तो बंद करू नका, नव्या नंबराकडे वळवून ठेवा, असं तुम्ही सांगितलंत. आजही जुन्या घरांतले कितीतरी फोन त्याच वाटेनं येतात.

कंपन्यांना विचारायचे प्रश्नही तुमचेच. रविवारी रात्री मदतीचा फोन कोण उचलेल? आम्ही सोडून गेलो तर रेकॉर्डिंग आणि कॉलची यादी आम्हांला मिळेल का? माणूस कमी झाला तर बिल त्याच महिन्यात कमी होईल का? आणि चाचणी तुमच्या ऑफिसात नको, आमच्या लाइनवर, आमच्या पावसात. शेवटच्या प्रश्नावर एक कंपनी आपणहून मागे सरली.

सुरुवातीला वाजणारा निरोप आमच्या दुकानातल्या मुलीनं कोंकणीत बोलून भरला आहे, त्यानंतर मराठी आणि इंग्रजी. दोनच बटणं : कोल्ड रूम बंद असेल तर एक, बाकी सगळ्याला दोन. दारात मासळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला सहा पर्याय ऐकवू नका, हे तुमचं वाक्य मी दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं आहे. कॉल रेकॉर्ड होतो हे त्याच निरोपात कळवतो, तोही तुमचाच आग्रह.

फी विचारली तेव्हा तुम्ही हात जोडलेत. कुठल्याही कंपनीकडून कमिशन घेतलं नाहीत, कुठलीही वस्तू विकली नाहीत, उलट आम्ही मागवायला निघालेले चार फोन कमी करायला लावलेत. नोकरी, घर, लहान मुलं सांभाळून तुम्ही आमच्यासाठी तुमच्या संध्याकाळी दिल्यात. तुमच्या यजमानांचेही आभार, त्या संध्याकाळी घर त्यांनी पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात रात्री आलेला कोल्ड रूमचा एकही फोन हुकला नाही. मडगावात तिसरं दुकान घेतोय, तिथल्या मुलांना हे सगळं मी स्वतः शिकवणार आहे. चवथीला सगळ्यांनी घरी या. तुमच्या आवडीच्या नेवऱ्या सासूबाई करणार आहेत.

आपली कृतज्ञ,
म्हापशाची, कोल्ड रूमवाली वहिनी